आधी आखलं, मग झालं: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, घोडबंदर रोड
परवा नेरुळच्या मावसभावाशी वाद झाला. तो म्हणे, आमचं शहर सिडकोने आधी कागदावर आखलं, तुमचं ठाणं मात्र वाटेल तसं वाढलं. त्या वादाला रात्र पुरणार नाही. इथे माणसांचं बोलू. नेटाने आणि आखून केलेलं एखादं काम तडीस गेलं असेल तर लिहा. ‘मेहनत केली, फळ मिळालं’ एवढ्यावर भागवू नका, नेमकं काय केलंत ते सांगा.

मोदकवाली, नौपाडा
गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. लोकांना चतुर्थीची सकाळ दिसते, माझी तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवावा लागतो आणि श्रावणातल्या दमट हवेत तो धड वाळत नाही. खडखडीत वाळलेला तांदूळ डब्यात टिकतो, पिठी मात्र ताजीच हवी, म्हणून दळण गणपतीच्या तोंडावर. नारळ भाव चढायच्या आत वाशीहून आणते. सारण आदल्या रात्री, उकड त्या पहाटेच; गार झालेल्या उकडीच्या पाऱ्या चिरतात.

ऑर्डरी वहीत तासांच्या रकान्यांत लिहिते. त्यातला एक रकाना कुणालाही देत नाही. सिलिंडर संपतो, मदतनीस बाई अडकतात, कुणाचे गुरुजी तासभर आधी येतात. खरं सांगू, सगळं त्या मोकळ्या रकान्यावर निभावतं. त्यासाठी सख्ख्या नणंदेलाही नाही म्हटलंय, ती अजून फुगलेली आहे.

फलाट दहा
महाप्यात नोकरी करत एमपीएससी दिली. अभ्यासाला बसायचो ठाण्याच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत. पुस्तकांआधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि कुठल्या विषयावर किती प्रश्न येतात त्याचा तक्ता केला. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, म्हणून तिथे पार होण्यापुरतंच ठेवलं आणि बाकी जोर मुख्य परीक्षेवर लावला. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे कुठला प्रश्न सोडून द्यायचा याचाही सराव केला. आता सहायक कक्ष अधिकारी आहे.

कळव्याची सून
वरचं वाचून छान वाटलं, पण एक टोचतं. माझ्या जावेने असाच तक्ता केला होता, भिंतीवर लावलाही होता. सासऱ्यांचं आजारपण आलं आणि तक्ता भिंतीवरच राहिला. कष्टात ती कुणाला हार गेली नसती. तेव्हा ‘आखलं म्हणून झालं’ लिहिताना घरचा स्वयंपाक कोण करत होतं तेही लिहा की.

फलाट दहा
आई. मान्य.

सेक्रेटरी, नेरुळ
आमचं यश म्हणजे न गळणारी गच्ची. हसू नका. दरवर्षी जूनमध्ये गळती, जुलैत भांडण, ऑगस्टमध्ये ताडपत्री असा क्रम होता. एका वर्षी गळती चालू असतानाच वरच्या प्रत्येक घरातल्या ओलीचे फोटो काढून नकाशावर खुणा केल्या. कारण ऑक्टोबर उजाडला की सभासद सगळं विसरतात आणि मार्चमध्ये पैसे मागितले की ‘कुठे गळतंय?’ विचारतात. दिवाळीआधी तीन कंत्राटदारांकडून एकाच कामाची दरपत्रकं घेतली. कामाची यादी आपण दिली नाही तर प्रत्येक जण वेगळंच काम लिहून आणतो आणि तुलनाच होत नाही. जुना कोबा उखडून नवा विटांचा कोबा घातला, गच्चीवर पाणी तुंबवून ठेवून खालची छतं तपासली, मगच शेवटचा हप्ता दिला. कंत्राटदार त्या अटीवर बराच कुरकुरला. अट करारात होती.

मोदकवाली, नौपाडा
आमच्या गच्चीचंही हेच दुखणं आहे. ती कामाची यादी इथे टाकाल का?

सेक्रेटरी, नेरुळ
रविवारी टाकतो. सभासदांचे शेरे काढून.