जर्मन गाडी, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, पण तीन तक्रारी सुरू झाल्यात. आधी काय दाखवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, गाड्यांमधल्या जाणकारांची मदत हवी आहे, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असं वाटतं.

गाडी जर्मन, टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (कोरड्या क्लचवाला), आठ वर्षं झाली, ९४,००० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा भलतीकडेच जातो. गाडी मुळात बाबांची, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मीच चालवते. बाबांनी गाडी फार जपली, सर्व्हिस एकही चुकवलेली नाही.

आता तीन गोष्टी होतायत.

पहिली, कूलंट कमी होतंय. दोन महिन्यांत दोनदा टाकलं, किमान खुणेच्या खाली गेलं होतं. गाडीखाली थेंबही पडलेला नसतो. पण लांबून येऊन गाडी थांबवली की बॉनेटपाशी गोडसर वास येतो, काकवी गरम केल्यासारखा.

दुसरी, सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड येते, डब्यात खिळे हलवल्यासारखी, मग इंजिन एकदम शांत. दिवसभर परत येत नाही. मला आधी कळलंच नव्हतं, बाबांनी वरून खिडकीतून ऐकली आणि म्हणाले हा आवाज आपल्या गाडीचा नाही.

तिसरी, ट्रॅफिकमध्ये हळू चालताना पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते. वेग घेतला की काही नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं तर त्यांनी छोटा स्कॅनर लावला, म्हणाले बिघाडाचा एकही कोड नाही, म्हणजे काही झालेलं नाही, बिनधास्त चालवा. दुसऱ्या ठिकाणी पाच मिनिटं चालवून थेट सांगितलं की मेकाट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारं कंट्रोल युनिट) बदला, तेही अख्खं. एक म्हणतो काहीच नाही आणि एक म्हणतो सगळंच, मी विश्वास कोणावर ठेवायचा? दिवा लागेपर्यंत थांबलेलं चालतं का, की दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो? आणि यातलं काय घरी बघता येईल, काय तज्ज्ञाकडेच न्यावं लागेल?

प्रतिसाद १

ताई, आधी खडखड. बाकी दोन्ही त्यानंतर.

सकाळचीच आणि दोन-तीन सेकंदांचीच म्हणताय म्हणजे टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) टेन्शनरचा, म्हणजे ती ताणून धरणाऱ्या भागाचा, संशय पहिला घ्यायचा. हा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभरात त्यातलं ऑइल खाली उतरतं, स्टार्ट केल्यावर प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहते आणि आत आपटते. चेनने दात सोडला तर या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडण्याशिवाय इलाज नाही. आणि यासाठी आधी दिवा लागेलच याची खात्री नाही. घरी एवढंच करा की डिपस्टिकवर ऑइल बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी. कमी असेल तर भरा, पण आवाज गेला म्हणून तपासणी टाळू नका.

कोणतं ऑइल टाकता तेही बघा. नुसतं ५डब्ल्यू-३० असून भागत नाही, डब्यावर कंपनीचं मान्यतेचं मानक छापलेलं लागतं. फोक्सवॅगनचं ५०२ ०० किंवा ५०४ ००, मर्सिडीजचं २२९.५, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०१ असं काहीतरी. आपल्या गाडीला कोणतं ते मॅन्युअलमध्ये असतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. कोड नाही म्हणजे काही नाही हे मात्र पटलं नाही. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावतात तो) मुख्यतः इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटर, वाचतो. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग यांचे कंट्रोलर वेगळे असतात, त्यांच्या आत काय साठलंय ते बघायला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना ओडिस, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेन्ट्री, किंवा त्या तोडीचं दुसरं. गॅरेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा की गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचता का आणि रिपोर्ट हातात देता का. आणि कूलंट आटणं, चेन सैल होणं याचा कोड बराच काळ येतच नाही, ते नाकाकानानेच कळतं. तुमच्या बाबांनी ऐकलं ते स्कॅनरला ऐकू येणार नव्हतं.

कूलंटचं सांगतो. थेंब पडत नाही कारण गळती गरम इंजिनवर होते आणि तिथेच वाफ होऊन जाते. मागे राहतो तो सुकलेला थर, गुलाबी किंवा पांढुरका, मिठासारखा. इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगभोवती बघा. बऱ्याच जर्मन इंजिनांत हे हाउसिंग प्लास्टिकचं असतं आणि गरम-गार होऊन होऊन त्याला चीर जाते नाहीतर सील कडक होतं. गरम असताना बाटलीचं झाकण चुकूनही उघडू नका, आत प्रेशर असतं, तोंडावर उडतं.

आणि कोणतंही हिरवं कूलंट किंवा नळाचं पाणी टाकत जाऊ नका. वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली की काही वेळा गाळ धरतो आणि हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट मागा, गार इंजिनवर हातपंपाने साधारण दीड बार दाब देतात आणि काटा उतरतो का ते बघतात. काहीच सापडलं नाही आणि कूलंट कमी होतच राहिलं तर हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) टेस्ट. बाटलीतल्या हवेवर निळं द्रव धरतात, पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं तर जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय.

गिअरबॉक्सबद्दल एक विचारतो. रिव्हर्स घेतानाही थरथरते का? या प्रकारच्या बॉक्समध्ये १, ३, ५, ७ एका क्लचवर आणि २, ४, ६ व रिव्हर्स दुसऱ्यावर असतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी गार इंजिनवर बघितलं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे. इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, आत, जिथे हात जेमतेम जातो तिथे प्लास्टिकच्या जोडावर बोटाच्या पेराएवढा गुलाबी थर आहे, नखाने खरवडला तर भुकटी झाली. आणि हो, रिव्हर्सलाही थरथरते, उतारावर मागे घेताना तर जास्तच. हे आधी कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

प्रतिसाद २

मग संशय दुसऱ्या क्लचवर, दुसरा गिअर आणि रिव्हर्स दोन्ही त्याच्यावरच आहेत. मेकाट्रॉनिक बदला म्हणणाऱ्याला विचारा, कशावरून? क्लचच्या झिजेचं वाचन बघा, मग ॲडॅप्टेशन करून घ्या, म्हणजे क्लच नेमका कुठे पकड घेतो ते कंट्रोलर नव्याने शिकतो. त्याने बरेचदा फरक पडतो. क्लच झिजलेलाच असेल तर क्लच पॅक बदलावा लागेल, तरी अख्खं मेकाट्रॉनिक लागेलच असं नाही. तोवर ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकू नका, पुढे जागा होऊ द्या आणि मग जा, सरकताना कोरडा क्लच अर्धवट घासत राहतो. गिअरचा आकडा लुकलुकायला लागला किंवा सम गिअर गायब झाले तर मात्र त्याच दिवशी थांबवा.

प्रतिसाद १

आणि दोन दिवे लक्षात ठेवा. लाल ऑइल कॅन लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद, पुढच्या चौकापर्यंत सुद्धा नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर दाखवा, पण लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, ॲक्सिलरेटर सोडा आणि थांबा.

मूळ प्रश्नकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व, पण अर्धवट सांगायचं नव्हतं.

गाडी चालवत नेली नाही, टो करून नेली. ज्या गॅरेजने गिअरबॉक्स वाचून कागद देतो म्हणून सांगितलं तिथेच दिली. प्रेशर टेस्टमध्ये काटा दहा मिनिटांत खाली आला, हाउसिंगलाच चीर होती, पंपासकट बदललं. चेनसाठी त्यांनी कव्हरचं रबरी बूच काढून मला टॉर्चने दाखवलं, टेन्शनर जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता, म्हणजे चेन ताणून लांबलेली. चेन, टेन्शनर, गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी) सगळं नवीन. मेकॅनिकने जुना गाइड हातात दिला, प्लास्टिकला चेनने पाडलेली खोबण बोटाला लागते.

गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दुसऱ्या क्लचचा एक जुना, अधूनमधून येणारा कोड होताच, पहिल्या गॅरेजच्या स्कॅनरला तो दिसणंच शक्य नव्हतं. क्लचमध्ये अजून जीव आहे म्हणाले, म्हणून फक्त ॲडॅप्टेशन केलं. पुढे जाताना थरथर गेली, रिव्हर्सला किंचित राहिली आहे. १,५०० किमी झाले की परत वाचन करायला बोलावलंय, दोन्ही कागदांवरचे आकडे इथेच टाकीन, तेव्हा क्लच पॅक आत्ता करू की थांबू ते सांगा.

आज पहाटे स्टार्ट केली तेव्हा बाबा मुद्दाम खाली येऊन बॉनेटपाशी उभे होते. खडखड नाही.