सीडरच्या सावलीत व्हाइन मॅपल: लावू की नको?

बॉथेलकर:
नमस्कार मंडळी. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. घराच्या उत्तर बाजूला दोन जुने वेस्टर्न रेड सीडर (इथले उंच सदाहरित सूचिपर्णी वृक्ष) आहेत. त्यांच्या आणि भिंतीच्या मधे साधारण १८ फुटांची पट्टी आहे. उन्हाळ्यात सकाळी दोनेक तास तिरपं ऊन येतं, एरवी दिवसभर सावली. गवत कधी धरलंच नाही, शेवाळ मात्र जोरात. वर फूटभर माती, खाली पहार आपटून परत यावी असा कडक थर.

इथे पानांचा रंग बदलणारं एखादं छोटं झाड हवंय. सासूबाई आल्या की शेजाऱ्यांच्या लाल जपानी मॅपलपाशी फोटो काढतात, त्यामुळे घरातलं बहुमत जपानीला. मला इथल्याच मातीतला व्हाइन मॅपल लावायचाय. एवढ्या सावलीत जगेल का? सीडरची मुळं त्याला जगू देतील का? आणि लाल होईल का?

कुदळकाकू:
सावलीची काळजी सोडा. ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत हे झाड डग्लस फर आणि हेमलॉक अशा उंच सूचिपर्णी झाडांच्या पायाशीच वाढतं. त्याला मारतो तो कोरडेपणा. सिअ‍ॅटलच्या पावसाचा बोभाटा फार, पण वर्षाचा सगळा मिळून हजार मिलिमीटरच्या आत, आणि जुलैत सरासरी इंचभरही पडत नाही. त्यातला बराचसा सीडर वरच अडवतो, आणि खाली पोचतो तो त्याचीच मुळं पिऊन टाकतात.

म्हणून मोठं झाड आणू नका. मोठ्या मुळांच्या गड्ड्याला मोठा खड्डा लागतो, म्हणजे सीडरची मुळं तोडणं आलं. एक गॅलनच्या कुंडीतलं रोप पुरे. किंवा हिवाळ्यात उघड्या मुळांची देशी रोपं मिळतात ती घ्या. किंग आणि स्नोहोमिश, दोन्ही काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) कॉन्झर्वेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे माती-पाणी जपणाऱ्या स्थानिक संस्था, अशी रोपं दरवर्षी विकतात, आगाऊ मागणी नोंदवावी लागते. बॉथेल दोन्हींत पसरलेलं आहे, तेव्हा तुमची चैन.

आधी पहारीने टोचून बघा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं की सरळ जागा बदला. खालचा कडक थर म्हणजे हिमनदीने दाबून ठेवलेला गाळ, आपल्या भागात पुष्कळ अंगणांत निघतो. तो फोडत बसू नका. खड्डा उथळ आणि रुंद घ्या, बुंध्याचा फुगवटा जमिनीच्या जरा वर राहू द्या. काढलेलीच माती परत भरा, कंपोस्ट बिंपोस्ट खड्ड्यात नको. वरून लाकडाच्या ढलप्यांचं ३-४ इंच आच्छादन घाला, पण बुंध्यापासून हातभर लांब. सीडरच्या मुळांवर नवी माती ओतून उंच वाफा करायचा मोह मात्र आवरा, त्याने सीडरच आजारी पडेल.

लावायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस सुरू झाला की. उघड्या मुळांचं असेल तर हिवाळा संपता संपता. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाइप अगदी बारीक सोडून तासभर ठेवा. रोज शिंपडलेल्या पाण्याने नुसती ढलपी भिजते.

रंगाचं खरं सांगते, तुमच्याकडे पिवळा होईल. ऑक्टोबरात आय-९० महामार्गावरून स्नोक्वाल्मी पासच्या घाटात जाताना उघड्या दगडांच्या उतारावर जो शेंदरी-लाल पेटलेला दिसतो, तो हाच. पण तिथे ऊन आहे. दाट सावलीत तो लिंबासारखा पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात मला तोच आवडतो. सासूबाईंना सांगा की हा जपानी मॅपलचा भाऊबंदच. त्या गटातली बाकीची झाडं पूर्व आशियातली, हा एकटा अमेरिकेत.

विलामेटकाठ:
पोर्टलंडहून. काकूंशी थोडी असहमत. माझा व्हाइन मॅपल अर्ध्या उन्हात आहे आणि दरवर्षी मस्त नारिंगी होतो. एवढी सावली कशाला? एखादी सीडरची फांदी छाटली तर?

कुदळकाकू:
२८ जून २०२१ ला पोर्टलंडला ४६ अंशांच्या वर पारा गेला होता, तेव्हा काय झालं तुमच्या झाडाचं?

विलामेटकाठ:
पश्चिमेकडची सगळी पानं करपली 🙂 पुढच्या वसंतात नवी फुटली, झाड वाचलं. पण मान्य, दुपारचं ऊन नको.

कुदळकाकू:
मग झालं तर. सकाळचं ऊन मिळत असेल तेवढं घ्या. रंगासाठी जुन्या सीडरला हात लावणं मला पटत नाही. तो आधीच कोरड्या उन्हाळ्यांनी टेकीला आलाय, आपल्याकडे किती सीडर शेंड्यापासून वाळताहेत बघा.

बॉथेलकर:
काकू, खूप आभार. दोन शंका. भिंतीपासून किती अंतर ठेवू? आणि एका मित्राच्या अंगणात मोठा व्हाइन मॅपल आहे, तो म्हणतो फांदी घेऊन जा. फांदी रोवून येतं का?

कुदळकाकू:
फांदी तोडून रोवू नका, बहुधा वाळेल. दाब कलम करा. रानातही तो तसाच पसरतो, लवलेली फांदी जमिनीला टेकली की तिथे मुळं फुटतात. मित्राच्या झाडाची खालची लवचीक फांदी वसंतात जमिनीवर वाकवा, टेकेल तिथे साल जरा खरवडा, मातीत दाबा, वर दगड ठेवा. शेंडा बाहेर वर राहू द्या. एका वर्षात मुळं धरली नाहीत तर अजून एक वर्ष थांबा. मग आईपासून तोडून पानगळीनंतर हलवायचं. सरकारी जंगलातून मात्र परवान्याशिवाय रोप उपटू नका.

भिंतीपासून निदान ८ फूट. सरळसोट उभं राहील अशी अपेक्षाच ठेवू नका. बुडातून अनेक खोडं फुटतात आणि सगळी उजेडाकडे झुकतात, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेला. वाट तिकडे असेल तर आत्ताच विचार करा. नको ती खोडं उन्हाळ्यात बुडातून काढा. फेब्रुवारी-मार्चात कापलंत तर रस गळत बसतो. शेजारी स्वोर्ड फर्न लावा, तोही अशाच सावलीतला. हरणं येत असतील तर सुरुवातीला जाळी हवी, कोवळे शेंडे त्यांना फार आवडतात.

सहकारनगर:
मी पुण्याची. वाचून मोह झाला. माझ्या उत्तरेच्या बाल्कनीत कुंडीत जगेल का हो हा?

कुदळकाकू:
नाही हो. त्याला खरा हिवाळा लागतो, झोप झाल्याशिवाय नीट पालवत नाही, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत पानं करपतील. पैसे वाया घालवू नका. सावलीतलं छोटं देशी झाडच हवं असेल तर अंजनी बघा, महाबळेश्वर-माथेरानच्या रानातली. सदाहरित आहे, पानांचा रंग काही बदलणार नाही, पण फांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुलं येतात. वाढते फार सावकाश, तेव्हा कुंडीतही बरीच वर्षं निघतील. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा, आणि मिळालं तर दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा.