90 गुण, तरी चॅम्पियनशिपमध्येच: तिसऱ्याला थेट बढती हवी की नको?

गोलफरक:
चॅम्पियनशिप म्हणजे इंग्लिश फुटबॉलचा दुसरा स्तर. 2024-25 मध्ये तिथले पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये गेले, तिसरा ते सहावा प्लेऑफ (बाद फेरी) खेळले आणि त्यातला विजेता तिसरा वर गेला. 24 मे 2025 ला प्लेऑफ फायनलमध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर संडरलंडने शेफील्ड युनायटेडला 2-1 हरवलं आणि प्रीमियर लीग गाठली. आता गुणतक्ता बघा. शेफील्ड तिसरे, 90 गुण. संडरलंड चौथे, 76. शेफील्डचे दोन गुण आधीच कापले होते (दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेत दिले नव्हते), नाहीतर फरक 16 चा. 46 सामन्यांत कमावलेली आघाडी 95व्या मिनिटाला टॉमी वॉटसनच्या एका फटक्यात मातीत. आदल्या वर्षी लीड्सचंही तेच: तिसरे, 90 गुण, आणि फायनलला साउदॅम्प्टनकडून 0-1. वर तीनच जातात ना? मग पहिले तीन जाऊ देत. प्लेऑफ बंद करा.

लाँग थ्रो:
साफ असहमत. 3 मेचा शेवटचा दिवस तुमच्या नियमाने खेळवून बघा. लीड्स 100, बर्नली 100, शेफील्ड 90, संडरलंड 76. बढतीचा निकाल कधीच लागलेला, उरलं काय तर गोलफरकावरचं विजेतेपद. प्रत्यक्षात त्या दुपारी पाचव्या-सहाव्या जागेसाठी कॉव्हेंट्री, ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, ब्लॅकबर्न असे सगळे झुंजत होते. ब्रिस्टल सिटी घरच्या मैदानावर प्रेस्टनविरुद्ध 0-2 मागे. तिथून 2-2 केलं, 68 गुण, सहावे. मिलवॉल आणि ब्लॅकबर्न 66 वर अडकले. समोरचं प्रेस्टनही सुट्टीवर आलेलं नव्हतं, खालच्या लीगमध्ये जाणं टाळायचं होतं, ते 50 वर तरले. ल्यूटन आणि हल दोघे 49 वर, त्यात गोलफरकावर ल्यूटन बुडालं. 1986-87 मध्ये प्लेऑफ आणले ते याचसाठी, मधल्या संघांचा एप्रिल फुकट जाऊ नये म्हणून.

गोलफरक:
मधल्यांचा एप्रिल वाचला, पण चौथ्याचा मेला त्याचं काय? संडरलंडची जागा इतकी पक्की होती की लीगमधले शेवटचे पाचही सामने ते हरले आणि कोणाला काही फरक पडला नाही. पाच हरलेला संघ तीन जिंकून वर जातो. बरं, तीनसुद्धा नाही! दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत कॉव्हेंट्रीला तिथे जाऊन 2-1 हरवलं, घरी जादा वेळेत 1-1. तोही बॅलर्डचा हेडर 122व्या मिनिटाला.

निवृत्त गोलकीपर:
मधला मार्ग सुचवतो. तिसरा चौथ्याच्या 10 किंवा जास्त गुणांनी पुढे असेल तर थेट वर, नाहीतर प्लेऑफ.

लाँग थ्रो:
2024-25 पर्यंतचे पाच हंगाम लावून बघू. तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर:
2020-21: ब्रेंटफर्ड 87, स्वॉन्झी 80.
2021-22: हडर्सफील्ड 82, फॉरेस्ट 80.
2022-23: ल्यूटन 80, मिडल्सब्रो 75.
2023-24: लीड्स 90, साउदॅम्प्टन 87.
2024-25: शेफील्ड 90, संडरलंड 76.
पाचात एकदाच लागू पडला. लीड्सलाही वाचवत नाही, ज्यांच्यासाठी हा धागा अर्धा रडतोय. आणि याच पाच वर्षांत वर गेलेले बघा: तिसरा, चौथा, तिसरा, चौथा, चौथा. 2025 पर्यंत बघितलं तर सहावा शेवटचा वर गेला तो 2010 मध्ये, ब्लॅकपूल. लॉटरी म्हणता त्यात तिकीट बहुतेक वरच्यांनाच लागतं.

ऑफसाइड ट्रॅप:
मला गुणांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. अख्खा चॅम्पियनशिप हंगाम व्हीएआरशिवाय (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) होतो आणि फायनलला मात्र व्हीएआर. शेफील्ड 1-0 पुढे असताना त्यांच्या बरोजचा गोल झाला. रेफरीने मॉनिटर बघून रद्द केला, कारण त्यांचाच सूझा ऑफसाइड जागी, गोलकीपरच्या नजरेच्या आड. निर्णय नियमाने बरोबर. पण तोच गोल एप्रिलमध्ये झाला असता तर बहुधा टिकला असता. 46 सामने एका नियमाने आणि सर्वात महागडा दुसऱ्या, हे कुठलं शहाणपण?

निवृत्त गोलकीपर:
+1. मग निदान फायनल वेम्ब्लीऐवजी वरच्या क्रमांकाच्या मैदानावर घ्या. सध्या तिसऱ्याला मिळतं काय? उपांत्य फेरीचा दुसरा सामना घरी, बस. बरोबरी झाली तर अवे गोलही (समोरच्याच्या मैदानावर केलेले) जास्तीचे मोजत नाहीत.

लाँग थ्रो:
घरचं मैदान म्हणजे कवच नव्हे. नॅशनल लीगमध्ये (पाचवा स्तर) जवळजवळ तुमचीच पद्धत आहे: दुसरा आणि तिसरा थेट उपांत्य फेरीत, एकच सामना, तोही घरी. यॉर्क सिटी 96 गुण घेऊन दुसरे आले आणि घरच्या मैदानावर ओल्डमकडून 0-3 हरले. ओल्डम पाचवे, 73 गुण. पुढे साउथएंडला जादा वेळेत 3-2 हरवून तेच लीग टूमध्ये (चौथा स्तर) गेले.

गोलफरक:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! 23 गुणांचं अंतर!

खालची लीग:
नाही हो, हे तुम्हा दोघांच्याही बाजूचं नाही. तिथे दोष प्लेऑफचा नाही, दारं कमी असण्याचा आहे. लीग टूमधून चार वर जातात, तीन थेट. नॅशनल लीगमधून दोनच, थेट फक्त एक. 2022-23 मध्ये रेक्सम 111, नॉट्स काउंटी 107. 107 गुणांनी दुसरे! मग प्लेऑफमध्ये बोरहॅम वूडविरुद्ध 0-2 मागे, 120व्या मिनिटाला 3-2, फायनलला चेस्टरफील्डवर पेनल्टी शूटआउटमध्ये जय. वाचले म्हणून आज गोड वाटतं. तिसरी जागा द्या अशी त्या लीगच्या क्लबांची मागणी आहे, पण त्यासाठी लीग टूमधून दोनऐवजी तीन खाली जायला हवेत. आपल्याच गळ्याला फास लावून घ्यायला कोण हात वर करणार?

ऑफसाइड ट्रॅप:
अवांतर: वरच्यांनाही पणाला लावायची पद्धत इंग्लंडने करून पाहिली आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांत पहिल्या डिव्हिजनचा (तेव्हाचा सर्वात वरचा स्तर) एक संघ प्लेऑफमध्ये असायचा. 1987 ला चार्लटनने लीड्सला (हो, पुन्हा लीड्स) तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत हरवून जागा राखली. 1988 ला चेल्सी 18वे आले आणि मिडल्सब्रोकडून हरून खाली गेले. जर्मनीत बुंडेसलिगाचा 16वा विरुद्ध खालचा तिसरा हे अजून चालतं.

गोलफरक:
ठीक, पण वर गेलेल्याची तयारीही बघा. थेट जाणाऱ्याला 3 मे पासून वेळ, प्लेऑफवाल्याला 24 पासून. तीन आठवडे कमी. साउदॅम्प्टनने 2024 च्या प्लेऑफनंतर प्रीमियर लीगमध्ये किती गुण घेतले? 12.

लाँग थ्रो:
आणि त्याच वर्षी थेट गेलेल्या लेस्टरने 25, इप्सविचने 22. तिघंही खाली. आदल्या वर्षीही वर आलेले तिन्ही खाली. तीन आठवड्यांनी 13 गुण येत नसतात, पैशाने येतात. त्या भांडणासाठी वेगळा धागा काढा. इथे एवढंच सांगा: तुमच्या नियमाने 3 मेला ब्रिस्टल सिटीच्या पाठिराख्याने 0-2 असताना स्टेडियममध्ये का थांबायचं?