काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून घ्यायचंय, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालेल अशी लायब्ररी कुठली?

तुर्भे_गाळा:
नमस्कार मंडळी. मामांचा तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे, तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन थेट बिलिंगमध्ये यावं म्हणून पायथनमध्ये छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. सध्या काय होतं की तोलणार वजन ओरडून सांगतो, दिवाणजी वहीत लिहितात आणि दुपारी मार्केट थंडावलं की कोणीतरी ते सगळं एक्सेलमध्ये भरत बसतं.

काट्याच्या इंडिकेटरला मागे नऊ पिनचं आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट) आहे, त्याला यूएसबी कन्व्हर्टर लावलाय. पीसी माळ्यावर आहे आणि त्यावर विंडोज, पण मामांना खाली काट्याशेजारी रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) ठेवायचाय कारण खाली पीसी ठेवला तर धूळ आणि कांद्याच्या सालांनी पंखा महिनाभर पण टिकणार नाही. म्हणजे कोड एकच आणि दोन्हीकडे चालला पाहिजे. आत्ता पायसिरियल ही पायथनची सिरियल पोर्टची लायब्ररी वापरतोय. एक मित्र म्हणतो क्यूटी सिरियलपोर्ट घे, दुसरा म्हणतो सी मध्ये लिबसिरियलपोर्ट घे, तिसरा डॉटनेटवाला आहे त्याचं उत्तर तुम्हाला माहितीच आहे.

खरी डोकेदुखी वेगळी आहे. काही वजनं अगदी बरोबर येतात आणि काही साफ गंडतात. काट्यावर ५३.६० दिसतं तेव्हा स्क्रीनवर पण ५३.६०. पण ५२.४० चं ५.० होतं, आणि ४७.८० ची गोणी ठेवली की नुसतं .० म्हणजे बिलात शून्य किलो! विंडोजवर जे होतं तेच पायवर. बॉड रेट (म्हणजे सेकंदाला बिट) २४००, टाइमआउट एक सेकंद, रीडलाइनने ओळ वाचतो आणि डिकोड करताना, म्हणजे बाइटचा मजकूर करताना, एरर्स इग्नोर दिलंय, नाहीतर प्रोग्रॅम मध्येच पडत होता. मित्राचं म्हणणं पायसिरियल बाइट गाळतं, लायब्ररी बदल. खरंच बदलू का?

कळवा_लोकल:
लायब्ररीला हात लावू नकोस भावा. दोन वेगळ्या ओएसवर तंतोतंत तेच आकडे गायब होत असतील तर ते गळणं नाहीये, गळती कधी अशी शिस्तीत होत नाही. डिकोडमधलं ते इग्नोर आधी काढ, पुरावा तिथेच पुसला जातोय. डिकोड न करता कच्चे बाइट हेक्समध्ये छाप आणि ४७.८० ची एक ओळ इथे टाक. आणि सेटिंग एट एन वन (आठ डेटा बिट, पॅरिटी म्हणजे तपासणीचा बिट नाही, एक स्टॉप बिट) आहे का, तेही सांग.

तुर्भे_गाळा:
हो, डीफॉल्टच आहे, एट एन वन. ४७.८० ला असं येतंय:

ए० ए० बी४ बी७ २ई बी८ ३० ए० ईबी ई७ ८डी ०ए

मला यातलं फक्त २ई म्हणजे पॉइंट, ३० म्हणजे शून्य आणि शेवटचं ०ए म्हणजे लाइन फीड एवढंच ओळखू आलं. बाकी कचरा वाटतोय.

वागळे_इस्टेट:
कचरा नाहीये, तुझा काटा सेव्हन ई वन वर बोलतोय. म्हणजे सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट. जुन्या इन्स्ट्रुमेंटमध्ये हे सर्रास असतं, आमच्याकडे वागळे इस्टेटमध्ये अजून असली इंडिकेटरं दुरुस्तीला येतात.

आता बघ गंमत. एट एन वन मध्ये एक स्टार्ट, आठ डेटा, एक स्टॉप असे दहा बिट. सेव्हन ई वन मध्ये एक स्टार्ट, सात डेटा, एक पॅरिटी, एक स्टॉप, तेही दहाच. लांबी सारखी म्हणून फ्रेमिंग एरर (बाइट कुठे संपला ते न जुळण्याची) येत नाही, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं, फक्त पॅरिटीचा बिट तुझ्याकडे आठवा डेटा बिट म्हणून येऊन बसतो. इव्हन पॅरिटीचा नियम असा की बाइटमधल्या १ असलेल्या बिटांची एकूण संख्या सम झाली पाहिजे. ४ चा आस्की (अक्षराचा ठरलेला कोड) ३४ हेक्स, त्यात तीन एक आहेत म्हणजे विषम, म्हणून वरचा बिट चढतो आणि ३४ चं बी४ होतं. ० चा ३०, त्यात दोनच एक, तो तसाच येतो. असं सगळ्या अंकांना लावून बघ, ०, ३, ५, ६, ९ शाबूत राहतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. तुझं ५३.६० बरोबर का आलं ते आता कळलं ना, त्यात बिघडणारा अंकच नाहीये.

पुढची पायरी तुझ्या इग्नोरची. बी४, बी७, बी८ हे यूटीएफ-८ मध्ये एकटे वैधच नाहीत, त्यामुळे डिकोडने ते गुपचूप फेकून दिले. स्पेस गेली, केजी मधला के आणि जी दोन्ही गेले (ईबी आणि ई७ म्हणजे तेच), कॅरेज रिटर्न पण गेला, उरलं .० आणि लाइन फीड. आणि .० हा फ्लोटला (मजकुराचा दशांश आकडा करणारं फंक्शन) चालतो म्हणून एररही नाही. केजी आला असता तर निदान फ्लोट करताना बोंब तरी झाली असती.

बाइटसाइज सात आणि पॅरिटी इव्हन कर, झालं.

ऐरोली_डॉटनेट:
लायब्ररीचा मूळ प्रश्न कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो.

या सगळ्या लायब्ऱ्यांच्या पोटात गोष्ट एकच आहे, पोर्टशी बोलायला विंडोजवर विन३२ चे कॉल आणि लिनक्स-मॅकवर टर्मिओस, आणि वर एकसारखा मुखवटा. पायसिरियल बीएसडी लायसन्सचं, पायथनमध्ये असशील तर दुसरं बघूच नकोस. लिबसिरियलपोर्ट सिग्रोक प्रोजेक्टमधून आलंय, शुद्ध सी, एलजीपीएल, छोटं आणि नीट लिहिलेलं आहे, सी किंवा सी++ मध्ये काही करायचं असेल आणि क्यूटी सारखं धूड नको असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन. क्यूटी सिरियलपोर्ट क्यूटी ५.१ पासून क्यूटीतच आहे, स्क्रीन क्यूटीत असेल तरच अर्थ, कारण त्याची मजा सिग्नल-स्लॉट (काही घडलं की आपलं फंक्शन आपोआप बोलावणं) मध्ये आहे. बूस्ट एशियो मध्ये पण सिरियल पोर्ट आहे पण पोर्टांची यादी देत नाही आणि टाइमआउटसाठी वेगळा टायमर बांधत बसावं लागतं, काट्यासाठी एवढं कोण करणार. आणि हो, माझं डॉटनेट लिनक्सवर पण चालतं, सिस्टम आयओ पोर्ट्स हे नुगेट पॅकेज टाकून, फक्त त्यातला डेटा रिसीव्हड इव्हेंट म्हणजे पूर्ण ओळ आली असं समजू नये. तो अर्ध्या ओळीला पण येतो आणि वेगळ्या थ्रेडवर येतो. नवीन पोरं दर वेळी यात अडकतात.

जावावाल्यांसाठी जेसिरियलकॉम, नोडवाल्यांसाठी सिरियलपोर्ट. पुरे.

सोल्डर_मास्तर:
वागळे दादांचं निदान शंभर टक्के बरोबर. उपायाबद्दल मात्र माझं जरा वेगळं मत आहे.

पॅरिटी इव्हन केली की चुकलेला बाइट आपोआप गाळला जाईल असं सगळे धरून चालतात. पायसिरियल लिनक्सवर पोर्ट उघडताना इनपुटची पॅरिटी तपासणी बंदच ठेवतं. म्हणजे पॅरिटीचा बिट फ्रेममध्ये धरला जातो, पण तो चुकीचा असला तरी बाइट तुझ्या हातात येतोच, कोणी तक्रार करत नाही. विंडोजवर हे सगळं ड्रायव्हरच्या कृपेवर. त्यात स्वस्त कन्व्हर्टर सात बिट नीट हाताळेल का हाही प्रश्न. एकच कोड दोन्हीकडे चालवायचा तर हीच खरी खोच, फंक्शनची नावं सारखी असली तरी खाली काय घडतं ते सारखं नसतं.

मी काय करतो, पोर्ट एट एन वन वरच ठेवतो. बाइट जसाच्या तसा येऊ देतो, त्यातले एक मोजतो, विषम आले तर अख्खी ओळ फेकतो, सम आले तर ७एफ ने अँड करून वरचा बिट काढतो आणि मग आस्की म्हणून डिकोड, आणि डिकोड स्ट्रिक्ट, म्हणजे चुकीचा बाइट आला की एरर. कोडच्या चार ओळी, आणि विंडोज असो लिनक्स असो मॅक असो, वागणूक तीच. मार्केटात शेजारी लिफ्टची मोटर, वेल्डिंग, काय काय चालू असतं आणि आरएस-२३२ ची केबल लोकं खुशाल वीस-वीस मीटर ओढतात, तिथे ही तपासणी हवीच, कारण ४ चा ५ व्हायला एक बिट पुरतो आणि बिल तर पैशाचं आहे.

अजून एक. रीडलाइन टाइमआउट झाल्यावर जेवढं आलं तेवढं परत देते, एरर देत नाही. ५२.४० मधलं ५२ येऊन थांबलं तर तू ५२ चं बिल फाडशील, किंवा ५ चं. ओळ लाइन फीडने संपते का आणि तिची लांबी बरोबर बारा बाइट आहे का हे बघितल्याशिवाय फ्लोटकडे जाऊच नकोस. २४०० वर बारा बाइट म्हणजे ५० मिलिसेकंद, एक सेकंदाचा टाइमआउट भरपूर आहे.

वागळे_इस्टेट:
हे लिनक्सवरचं मला माहीत नव्हतं मास्तर, मी कायम विंडोजवरच. पटलं. पण इंडिकेटरच्या मेनूत सेटिंग बदलून एट एन वन मिळत असेल तर भानगडच नको ना?

सोल्डर_मास्तर:
मिळेल, पण मग पॅरिटी जाते आणि या काट्याच्या ओळीत चेकसम (अख्खी ओळ बरोबर आली का ते तपासायचा आकडा) नाहीये. आहे ते संरक्षण का घालवा?

कळवा_लोकल:
पोर्टच्या नावाचं पण आत्ताच बघून घे, नाहीतर पहाटे मार्केट सुरू व्हायच्या वेळी फोन येईल. कोडमध्ये कॉम३ किंवा टीटीवाययूएसबी झिरो असं लिहून ठेवू नकोस. सीएच३४० चिपवाल्या कन्व्हर्टरला बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज त्याला कुठल्या यूएसबी भोकात लावलाय त्यावरून कॉम नंबर देतं. झाडलोट करताना कोणी उपटून शेजारच्या भोकात लावला की कॉम३ चा कॉम७. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२ चिपला नंबर असतो, तो कुठेही लावला तरी कॉम तोच राहतो. थोडे पैसे जास्त जातात पण गाळ्यावर मी तोच लावेन. पायसिरियलच्या लिस्ट पोर्ट्समधून व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी मिळतो, त्यावरून शोध. लिनक्सवर डेव्ह खाली सिरियल नावाच्या फोल्डरमध्ये बाय-आयडी आणि बाय-पाथ असतं, एकाच जातीचे दोन बिननंबरी कन्व्हर्टर असतील तर बाय-पाथ वापर.

लिनक्सवर परमिशन डिनाइड आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकून लॉगआउट-लॉगिन करायचं, सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) प्रोग्रॅम चालवत बसू नये. आणि टेस्टिंग उबुंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर करणार असशील आणि सीएच३४० लावल्या लावल्या पोर्ट गायब झालं तर कन्व्हर्टर परत करायला पळू नकोस, बीआरएलटीटीवाय म्हणून ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज आहे, ते त्याला आपलं समजून पळवतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसशील तर ते पॅकेज काढून टाक.

तुर्भे_गाळा:
सगळ्यांचे खूप आभार. मास्तरांच्या पद्धतीने केलं, एट एन वन, एक मोजायचे, ७एफ. काल आणि आज मार्केट सुरू असताना माळ्यावरच्या पीसीवर चालू ठेवलं, ४७.८० आता ४७.८०च येतंय, दिवाणजींनी वहीशी ताडून बघितलं (त्यांचा अजून विश्वास नाहीये, वही चालूच ठेवणार म्हणाले). पायसिरियलच ठेवतोय. वाचणं वेगळ्या थ्रेडमध्ये टाकलं आणि क्यूमधून स्क्रीनला देतो, त्यामुळे बिलिंगची विंडो पण अडकत नाही.

आता दोन गोष्टी. गोणी ठेवताना आकडा हलतो तेव्हा काटा हलतेच आकडे पण पाठवत राहतो, स्थिर झालं कसं ओळखू? आणि मामांनी विचारलंय की वजन कॉम्प्युटरवर घेतल्याने काट्याच्या सीलला काही होत नाही ना, कारण वैधमापनवाले (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) दरवर्षी मुद्रांकन करतात.

वागळे_इस्टेट:
काही इंडिकेटर ओळीच्या सुरुवातीला एसटी किंवा यूएस असं पाठवतात, स्टेबल आणि अनस्टेबल. तुझ्या ओळीत नुसत्या दोन स्पेस आहेत. कदाचित मेनूत दुसरा फॉरमॅट असेल, मॅन्युअल बघ. नसेल तर लागोपाठ आठ-दहा ओळींत तोच आकडा आला की स्थिर धर, आणि गोणी उचलून काटा शून्याजवळ गेल्याशिवाय पुढचं वजन घेऊ नकोस. नाहीतर एकाच गोणीची दोन बिलं होतील.

सीलचं म्हणशील तर तू फक्त मागच्या पोर्टवरून वाचतोयस, त्याने सीलला काही होत नाही. कॅलिब्रेशनचा स्विच किंवा जंपर सीलच्या आड असतो, त्याला हात लावायचा नाही. फॉरमॅट बदलायला कोणी डबा उघडायला सांगितलं तर स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नकोस, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घे, सील तुटलं की पुन्हा पडताळणी करून मुद्रांकन केल्याशिवाय तो काटा व्यवहारात वापरता येत नाही.

तुर्भे_गाळा:
मॅन्युअल कुठेय ते मामांना विचारतो, गल्ल्याच्या खणात असणार. फॉरमॅटचा मेनू सापडला तर नवीन ओळीचे बाइट इथे टाकतो.