शेवटचा वार कसा बसवता? (ॲनिमे फायटिंग गेम, कॉम्बो, सुपर, फिनिशर)

निशाचर: जुन्या गिल्टी गिअर गेमच्या इन्स्टंट किलची (एका फटक्यात खेळ संपवणारा वार) क्लिप समोर आली आणि परत हळहळ वाटली, त्याच मालिकेच्या स्ट्राइव्हमध्ये (२०२१) तो नाहीच. १९९८ च्या पहिल्या भागात तो बसला की राऊंड नाही, अख्खी मॅच संपायची! लिहा आपापले फिनिशर. नुसती नावं नकोत, कधी बसतो आणि का हुकतो तेही सांगा.

खटका: पुढे चालता चालता २३६ मारू नका (आकडे म्हणजे नंबर पॅडप्रमाणे स्टिकच्या दिशा: २ खाली, ६ पुढे, ४ मागे, ३ आणि १ खालचे कोपरे). आधीचा ६ धरून गेम ६२३ वाचतो. काय (Ky) या फायटरचा स्टन एज (लांबून फेकायची वीज) हवा असतो, निघतो व्हेपर थ्रस्ट (वर उसळणारा वार), तो ब्लॉक झाला की खाली येईपर्यंत तुम्ही उघडे. स्टिक मधे सोडा, किंचित थांबा, मग २३६.

पिवळी_वीज: +१. एस (स्लॅश) बटणावर दोन्ही निघतात म्हणून तर घोळ.

सातवा_बार: ड्रॅगन बॉल फायटरझेडवाल्यांसाठी (यात तीन-तीन फायटरचे संघ): लाइट म्हणजे हलक्या वाराचं बटण दाबतच राहिलात तर आपोआप होणारा ऑटो कॉम्बो शेवटी सुपर (मोठा खास वार) मारून गेजमधला एक बार खातो. बार साठवायचे असतील तर आधीच बोट उचला. व्हॅनिशलाही (गायब होऊन समोरच्याच्या मागे निघून मारणं) एक जातो, लेव्हल ३ या सर्वात मोठ्या सुपरला तीन, आणि साठतात जास्तीत जास्त सात. लांब कॉम्बोत प्रत्येक पुढचा फटका हलका होत जातो, पण सुपरचं ठरावीक किमान डॅमेज मिळतंच. म्हणून समोरच्याचा शेवटचा तुकडा उरला असेल तर लेव्हल ३ खुशाल टाका. एरवी लेव्हल १ वर थांबा, पुढच्या फायटरसाठी बार लागतात.

मधली_सुट्टी: आणि ड्रामॅटिक फिनिश (शेवटी दिसणारा ॲनिमेतला खास प्रसंग)? माझा येतच नाही 😭

सातवा_बार: जोडी आणि स्टेज दोन्ही जुळायला हवेत, आणि शेवटचा फायटर उभ्या हेवीनं (जड वाराचं बटण) पाडायचा. सुपरनं मारलंत की गेला.

मधली_सुट्टी: अरेरे, सुपरच मारत होते सगळीकडे. धन्यवाद!

भिंतफोड्या: स्ट्राइव्हमध्ये रोमन कॅन्सल (आपला वार मधेच तोडून कॉम्बो पुढे नेणं) ५० टक्के टेन्शन गेज खातो, ओव्हरड्राइव्हही (तिथला सुपर) ५०. दोन्ही एकाच कॉम्बोत हवे तर गेज पूर्ण भरलेला पाहिजे. समोरच्याला कोपऱ्यात मारत असाल तर ओव्हरड्राइव्ह तिथली भिंत फोडायला राखा. साध्या वारानं भिंत फुटली की समोरचा सावरतो, ओव्हरड्राइव्हनं फोडली की आडवा पडतो आणि उठताना पहिला डाव तुमचा. हे सोडून हवेत उधळणारे बघवत नाहीत.

पिवळी_वीज: सोल या फायटरचा टायरंट रेव्ह (ओव्हरड्राइव्ह) डी-पॅडवर निघतो का कुणाचा? ६३२१४६ मध्ये माझा कोपरा सुटतो.

खटका: अंगठा उचलू नकोस, घासत ने. बहुतेक वेळा ३ किंवा १ राहून जातो. ट्रेनिंगमध्ये इनपुट डिस्प्ले चालू कर, कुठला आकडा गायब आहे ते लगेच कळतं.

शांतनिळा: ब्लॅझब्लू कुणीच नाही? त्याच्या कंटिन्यूम शिफ्ट भागात ॲस्ट्रल हीट या फिनिशरला मॅच पॉइंट (जिंकलात की मॅच संपेल असा राऊंड), १०० हीट गेज आणि समोरच्याचं हेल्थ ३५ टक्क्यांच्या आत, तिन्ही लागतात. उघड्यावर मारलात तर ब्लॉक ठरलेला, कॉम्बोतूनच घाला. ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सस गेममध्ये उलटं आहे, सुपर स्कायबाउंड आर्ट या सर्वात मोठ्या सुपरसाठी स्वतःचं हेल्थ ३० टक्क्यांवर यावं लागतं. म्हणून समोरचा तिथे पोचला आणि गेज भरलेला दिसला की बटणं कमी दाबा, ब्लॉक जास्त धरा.