अनुभव धागा: नदीच्या खोऱ्यातून, गाड्यांशिवाय, सायकलवर

इंग्लंड-वेल्समधल्या आपल्या कितीतरी घरांत सायकली शेडमध्ये पडून आहेत. विचारलं तर दोनच कारणं निघतात: रस्त्यावरच्या गाड्यांची भीती आणि डोंगरातल्या चढांची भीती. दोन्हींवर एकच उपाय आहे, बंद पडलेल्या रेल्वेलाइनी. आगगाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणून तेव्हाच्या इंजिनिअरांनी नदीचा काठ धरला, डोंगर आडवा आला तिथे बोगदा खणला, दरी आली तिथे पूल बांधला. रूळ गेले, पण तो सपाट रस्ता राहिला. तुम्ही कुठे गेलात, कोणाबरोबर गेलात, काय चुकलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. वय ६८, गुडघे दुखरे. शाळेत सायकलने जायची, त्यानंतर पन्नास वर्षं हँडलला हात लावलेला नव्हता. तिला डर्बीशरमधल्या मॉन्सल ट्रेलवर नेलं. बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे साधारण १४ किमी, वाय नदीच्या खोऱ्यातून. हसॉपच्या जुन्या स्टेशनाशी भाड्याने सायकली मिळतात. तिच्यासाठी बॅटरीवाली घेतली, सीट पार खाली केली. पहिली दहा मिनिटं मी तिच्या शेजारून धावत होते. मग तीच म्हणाली, "आता सोड मला."

हेडस्टोन बोगदा जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे. आत दिवसा दिवे असतात, पण भर जूनमध्येही गारठा जाणवतो आणि वरून पाणी ठिबकतं. बोगद्यात शिरताच आईने लहान मुलं लोकलमधून ओरडतात तशी आरोळी ठोकली. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी तिला तशाच आरोळीने उत्तर दिलं. बोगदा संपतो तो थेट मॉन्सल डेलच्या कमानींच्या पुलावर. खाली नदी वळण घेते आणि दोन्ही बाजूंना हिरवे उतार. आई तिथे सायकलवरून उतरली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

ही लाइन १८६३ सालची. आपला बोरघाटही त्याच वर्षी सुरू झाला. हा पूल झाला तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन खोऱ्याची नासाडी झाली म्हणून चिडले होते. गाड्या १९६८ साली थांबल्या आणि बोगदे सायकलींसाठी २०११ मध्ये उघडले. बोगदे बंद होते तोवर मधल्या टप्प्यांवर वळसा घालून जावं लागे, त्यामुळे आईसारख्यांना हा रस्ता खरा मिळाला तो त्या वर्षीच.

बर्मिंगहॅमहून

आमच्या नळाला येणारं पाणी वेल्समधून येतं हे घर घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. मग ते कुठून येतं ते बघायलाच एलान व्हॅली ट्रेल केला. रायडर गावाशेजारून क्रेग गॉख धरणापर्यंत नऊ मैल. धरणं बांधायला दगड आणि सिमेंट वाहून नेणारी जी खास रेल्वे टाकली होती, तिच्याच मार्गावर आपण सायकल चालवतो. सुरुवातीला एक छोटा चढ आहे, कारण तिथला जुना बोगदा वटवाघळांसाठी राखून ठेवलाय. तो पार केला की पुढे सगळं सुखाचं. आकाशात लाल घारी घिरट्या घालत असतात. पावसानंतर गेलात तर कॅबन कॉख धरणाच्या भिंतीवरून पाणी पांढऱ्या पडद्यासारखं कोसळताना दिसतं.

मला मात्र तिथे आजी आठवत राहिली. तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाची जोती दिसायची, असं ती सांगायची. एलानमध्येही शंभरएक माणसं हलवली गेली. घरं, शाळा, चर्च, सगळं पाण्याखाली गेलं. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांना नाही. १९०४ साली राजाच्या हस्ते थाटात उद्घाटन झालं. तिथून बर्मिंगहॅम ७३ मैल. एकही पंप न लावता निव्वळ उताराने पाणी दीड दिवसात पोचतं. ही करामत मोठीच आहे, आणि ती मला मनापासून आवडते. तरी धरणाच्या काठाला सायकल टेकवून डबा उघडला तेव्हा पहिला घास माझ्या हातून आपसूक पाण्यात गेला. आजी तसंच करायची.

प्रवासाच्या दृष्टीने: रायडरला रेल्वे स्टेशन नाही. आम्ही गाडीमागे कॅरिअर लावून सायकली नेल्या.

ब्रिस्टलहून

मुलगी सात वर्षांची. बाथचा दोन बोगद्यांचा रस्ता तिच्याबरोबर केला. कोंब डाउनचा बोगदा मैलभराहून लांब आहे, मध्ये रंगीत दिवे लागतात आणि संगीत वाजतं. ती तिथून बाहेर यायलाच तयार नव्हती. पुढे मिडफर्ड, मग डंडास अ‍ॅक्विडक्टवर (कालवा वाहून नेणारा पूल) कालवा गाठून काठाकाठाने परत बाथ. एकूण १३ मैलांची फेरी. सावध राहायचं ते कालव्याच्या काठावर. वाट अरुंद, एका हाताला पाणी, आणि मान चालणाऱ्यांचा. बेल वाजवायची, वेग कमी करायचा, लहान मूल असेल तर त्याला पाण्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचं.

ग्लॉस्टरहून

माझी चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून लिहितो. टिंटर्नजवळचा वाय व्हॅली ग्रीनवे, म्हणजे जुन्या रेल्वेलाइनीवरची सायकलवाट, २०२१ मध्ये सुरू झाला. (ही वाय डर्बीशरमधली नव्हे, त्याच नावाची दुसरी नदी.) सगळा भरवसा टिडनमच्या किलोमीटरभर लांब बोगद्यावर. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मित्रांना घेऊन गेलो, तर फाटकाला कुलूप. वटवाघळं हिवाळाभर आत झोपतात, म्हणून तो ऑक्टोबर ते मार्च बंद असतो. बरोबरच आहे, त्यांचं घर आहे ते. एप्रिलमध्ये परत गेलो. आत अंधार राखलेला असतो, त्यामुळे सायकलला दिवा हवाच. पलीकडच्या टोकाला जुन्या वायरवर्क्स पुलावरून वाय ओलांडली की इंग्लंड संपून वेल्स लागतं आणि नदीकाठी टिंटर्न अ‍ॅबी या जुन्या मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती दिसतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी तिथल्या गवतावर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं काढलं. शेजारच्या बाकावरची वेल्श जोडी लोणच्यापाशी तासभर रमली.

लिव्हरपूलहून

वेल्समधल्या मौदाख खाडीकाठची नऊ मैलांची वाट. एकच सांगतो. वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो, तेव्हा आधी समुद्राकाठच्या बारमथकडे जा. दम असतो तोवर वाऱ्याशी झुंजून घ्यायचं आणि परतताना त्यालाच पाठीशी घ्यायचं. आम्ही उलटं केलं आणि बायकोचे शेवटचे चार मैल फार हालात गेले.

प्रश्न, लेस्टरहून

बाबांना पार्किन्सन्स आहे. तोल जातो, पण पाय चालतात. मॉन्सलला तीनचाकी मिळेल का?

उत्तर

ताई, जाण्याआधी हसॉपला फोन करून विचारा, आणि फोनवरच राखून ठेवा. वाट रुंद आहे, तीनचाकी आरामात जाते. बोगद्यातल्या गारठ्यासाठी बाबांना स्वेटर आणि कानटोपी घ्या. पहिल्या दिवशी फक्त हेडस्टोन बोगद्यापलीकडच्या पुलापर्यंत जा. पुलावर टेकायला कठडा आहे. माझी आई तिथेच सायकलवरून उतरली होती.