३ इंजेक्शनं झाली तरी बाबांच्या डोळ्याच्या पडद्याखालचं पाणी तसंच, आता म्हणे आजारच वेगळा असेल

सिन्नरकर: बाबा ५४ वर्षांचे. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, दाखवलं तर ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) काढून पडद्याखाली पाणी आहे, वयानं होतं म्हणाले आणि महिन्याला एक अशी ३ इंजेक्शनं दिली. फरक शून्य. काल दुसरीकडे नेलं, ते म्हणतात सीएससीआर (पडद्यामागच्या थरातून पाणी झिरपून पडद्याखाली साचतं तो आजार) वाटतोय, आधी डोळ्याची अँजिओग्राफी (डाय देऊन रक्तवाहिन्यांचे फोटो) करू. चौथं घ्यायचं की थांबायचं? काहीच सुचत नाहीये.

रेवाची_आई: दादा, बाबा स्टिरॉइड घेतात का ते आधी बघा. गोळ्या, दम्याचा पंप, खाजेचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन, सगळं धरून. त्यानं सीएससीआर होतो किंवा वाढतो, आणि ओसीटीवर ते पाणी म्हातारपणच्या ओल्या एएमडीसारखंच (वयानं पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या येऊन गळतात तो आजार) दिसू शकतं. माझ्या मिस्टरांना कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. मलम बंद केल्यावर तीनेक महिन्यांत पाणी आपोआप उतरलं. पण गोळ्या असतील तर मनानं एकदम बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच.

जुना_पेशंट: ताई बरोबर बोलल्या, पण पीसीव्ही (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवर फुगे येतात तो आजार) पण बघून घ्या, आपल्या आशियाई लोकांत तो जास्त असतो. मला ५ इंजेक्शनं एएमडी म्हणून दिली, मग हिरव्या डायची अँजिओग्राफी म्हणजे आयसीजी केली तेव्हा पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवरचे बारीक फुगे दिसले, पिवळ्या डायच्या अँजिओग्राफीत म्हणजे एफएफएत ते नीट दिसले नव्हते. इंजेक्शनसोबत पीडीटी म्हणजे कोल्ड लेझर केला तेव्हा कुठे पाणी आटलं. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आयसीजीच्या आधी सांगा, आणि एफएफएनंतर लघवी गडद पिवळी होते तेव्हा घाबरू नका. एकच विनंती, तपासणी याच आठवड्यात करा, खरंच ओली एएमडी निघाली तर थांबण्यात नजर जाते.

सिन्नरकर: आत्ता बाबांच्या कपाटात बघितलं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, चार महिने चालू आहेत, स्ट्रिपवर प्रेडनिसोलोन लिहिलंय, म्हणजे स्टिरॉइडच. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळी स्ट्रिप आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा ओसीटी दोन्ही घेऊन जातोय.